घरच्यासारखी

मराठी मासिकांच्या जुन्या फायली चाळणारास एक वाद त्यांत वर्षानुवर्षे चाललेला आढळतो. स्त्रीने अर्थार्जन करावे की नाही, करावयाचे तर कोणते करावे, आणि ते केल्याने तिचे गृहिणीपद, पतीची प्रतिष्ठा व मुलांचे संगोपन यांपैकी प्रथम काय बुडेल, हा तो वाद होय. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईस शारदासदन काढले, अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाचा पाया घातला, १९०९ साली पुण्यास सेवासदन उभे राहिले, आणि शिक्षिका व परिचारिका या नात्याने विधवा व परित्यक्ता स्त्रिया स्वतःच्या पायांवर उभ्या राहू लागल्या, तसतसा हा वाद चढत गेला. आज तो मिटल्यासारखा आहे. सुशिक्षित घरातील मुलगी नोकरी करते काय, असे आता कोणी विचारीत नाही. कोठे करते, एवढेच विचारतात.

शेतावर, गिरणीत, रस्त्याच्या कामावर राबणाऱ्या स्त्रियांविषयी मात्र असा वाद कधी फारसा झालाच नाही. त्या राबतच होत्या, आणि त्यांच्या राबण्याने कोणाचे स्त्रीत्व बुडते की काय अशी चिंता विद्वानांस क्वचितच वाटली. हा भेद आजही संपलेला नाही. तो फक्त आपल्या घरात येऊन राहिला आहे. ज्या घरातील सुनेच्या नोकरीचा सर्वांस अभिमान आहे, त्याच घरात रोज सकाळी साडेसातास दारावरची घंटा वाजते व दुसरी एक स्त्री चपला बाहेर काढून आत येते. तीही अर्थार्जनच करीत असते. परंतु तिच्या अर्थार्जनाला नोकरी म्हणण्याची आपली तयारी नाही. आपल्या भाषेत ती ‘कामाला येते’, आणि आपण तिला ‘घरच्यासारखी’ वागवतो.

हा लेख या एका शब्दाविरुद्ध आहे. आपले घर हे तिचे कामाचे ठिकाण आहे, आपण तिचे मालक आहोत, आणि मालकाकडून नोकरास जे हक्काने मिळावयास पाहिजे ते आपण दयेच्या खात्यावर टाकून मोकळे होतो, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे. हे म्हणणे कडू लागेल; परंतु स्त्रियांच्या आर्थिक उन्नतीविषयी सभांतून जे बोलले जाते त्याची खरी परीक्षा सभागृहात होत नाही, मोरीपाशी होते.

‘घरच्यासारखी’ या शब्दाचा अर्थ प्रथम नीट पाहू. आपण तिला मावशी म्हणून हाक मारतो, क्वचित् ताई म्हणतो. मुले तिच्या अंगाखांद्यावर वाढतात. तिच्या मुलीच्या लग्नात आपण साडी देतो. हे सर्व खरे आहे, आणि त्यात लबाडी आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु या मावशीस आपल्या जेवणाच्या टेबलाशी खुर्ची नसते. तिचा चहाचा कप पुष्कळ घरांत अद्याप वेगळा असतो व तो फडताळात न राहता ओट्याच्या कोपऱ्यात पालथा घातलेला असतो. चार तास राबून तिला लघवीस जावयाचे झाले तर जे न्हाणीघर व संडास ती रोज घासते तेच वापरण्याची चोरी. कित्येक इमारतींत तर तिने कोणत्या लिफ्टने वर जावे याचीही पाटी लावलेली असते. घरच्या माणसाला आजारी पडल्यावर कोणी पगार कापीत नाही, कारण त्याला पगारच नसतो. नोकराला आजारी पडल्यावर रजा असते, कारण त्याला करार असतो. या बाईला आपण घरच्या माणसासारखे रजेविना ठेवतो आणि परक्या माणसासारखा पगार कापतो. म्हणजे दोन्ही नात्यांतील आपल्या सोयीचा अर्धा भाग आपण उचलला, आणि तिच्या सोयीचे जे दोन अर्धे उरले ते दोन्ही फेकून दिले.

या नोकरीचा लेखी कागद असा एकच असतो, आणि तो म्हणजे स्वयंपाकघरातील भिंतीवरचे कॅलेंडर. त्याच्या चौकोनांत दुधाच्या पिशव्यांचा हिशेब असतो व त्याच चौकोनांत बाईच्या खाड्यांच्या फुल्या असतात. दूध आले नाही त्या दिवशी पैसे नाहीत. बाई आली नाही त्या दिवशी पैसे नाहीत. ती कोणते काम किती वाजेपर्यंत करील, पाहुणे आल्यास वाढलेल्या भांड्यांचे काय, पगार केव्हा वाढेल, काम सुटल्यास किती दिवस आधी सांगावयाचे, यांपैकी एकही गोष्ट त्या कॅलेंडरावर नसते. ज्या घरात फर्निचराच्या हप्त्याचा कागद फायलीत जपून ठेवलेला असतो, त्या घरात दहा दहा वर्षे काम करणाऱ्या स्त्रीच्या कामाचा कागद नसतो.

प्रस्तुत लेखिका या आरोपातून सुटलेली नाही. नोकरीत असताना एकदा शस्त्रक्रियेनंतर तिला दीड महिना घरी बसावे लागले, आणि पगार पूर्ण मिळाला; तो आपला हक्कच आहे याविषयी तिच्या मनात शंकाही आली नव्हती. त्याच दीड महिन्यात घरी भांडी घासणाऱ्या बाईला आठ दिवस ताप आला. महिनाअखेर पाच दिवस ‘सोडून देऊन’ तीन दिवसांचे पैसे कापले, आणि पाच दिवस सोडले या आपल्या औदार्याचे लेखिकेला बरेही वाटले. ती बाई काही बोलली नाही. बोलली असती तर आपण काय उत्तर दिले असते याचा विचार लेखिकेने पुढे पुष्कळ वेळा केला, आणि देता येण्यासारखे उत्तर तिला आजवर सापडलेले नाही.

आता रविवारची गोष्ट घेऊ. सरकारी कचेऱ्यांना रविवार होताच. मुंबईच्या गिरण्यांत राबणारास तो नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी कित्येक वर्षे खटपट केली. १८९० च्या एप्रिलात मुंबईस कामकऱ्यांची मोठी सभा भरली, आणि तीत दोन कामकरी स्त्रियांनीही उभे राहून सुट्टीच्या मागणीच्या बाजूने भाषण केले. त्याच वर्षी १० जून रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली, आणि १८९१ च्या कारखान्यांच्या कायद्यात साप्ताहिक सुट्टीस स्थान मिळाले. या गोष्टीस १३५ वर्षे होऊन गेली. त्या दोन स्त्रियांनी जो रविवार मागितला तो आपल्या घरच्या बाईस अजून मिळालेला नाही. उलट रविवारी आपण सर्व घरी असतो, दोनदा चहा व एकदा सणासुदीसारखा स्वयंपाक होतो, म्हणून तिच्या वाट्यास भांडी अधिक येतात. आपल्या विश्रांतीचा दिवस तिच्या अधिक श्रमाचा असतो, आणि हे आपल्या ध्यानातही येत नाही, इतके ते अंगवळणी पडले आहे.

हे का होते? आपण सारे निर्दय आहोत म्हणून नव्हे. कारण अधिक खोल आहे, आणि ते घरातील पुरुषापर्यंत जाऊन पोचते. १९९८-९९ मध्ये काही राज्यांत झालेल्या पहिल्या प्रयोगानंतर २०१९ साली देशभर कालविनियोगाची पाहणी झाली. तीत असे आढळले की, घरच्यांसाठी बिनमोल केलेल्या घरकामास हे काम करणारी स्त्री दिवसास सरासरी २९९ मिनिटे देते आणि पुरुष ९७ मिनिटे देतो. शिवाय असे काही काम करणाऱ्या पुरुषांची संख्याही फार थोडी. याचा अर्थ असा की, सून नोकरीस लागली तेव्हा तिचे घरातील काम घरात वाटले गेले नाही. ते तिच्यावरच राहिले, आणि तिला न झेपले तेवढे तिने दुसऱ्या स्त्रीस मजुरीने दिले.

पुढची गोष्ट प्रत्येक वाचकाने आपल्या घरी ऐकलेली असेल. ‘पोळ्यावालीचे एवढे, धुण्याभांड्याचे एवढे, मूल सांभाळणारीचे एवढे, तुझ्या पगारात उरते काय?’ बाईचा पगार हा घरखर्च असूनही तो घराच्या मिळकतीतून वजा होत नाही. तो बायकोच्या पगारातून वजा होतो. जणू भांडी तिने एकटीनेच उष्टी केली, आणि मूल तिचे एकटीचेच आहे! या हिशेबाचा परिणाम असा होतो की बाईच्या पगारात दोनशे रुपये वाढवणे म्हणजे आपल्या नोकरीची किंमत दोनशेने उतरवणे, असे त्या गृहिणीस वाटू लागते. म्हणून घासाघीस तीच करते, खाडे तीच मोजते, आणि कजाग मालकीण हे नावही तीच मिळवते. दोन कष्टकरी स्त्रिया एकमेकींसमोर उभ्या करून घरातला पुरुष आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचीत बसतो. मालकीण आणि मोलकरीण यांच्या भांडणांवर आजवर विनोद पुष्कळ झाले. परंतु त्या भांडणात तिसरा पक्ष आहे आणि तो अगदी निर्धास्त आहे, हे त्या विनोदांत सहसा सांगितलेले नसते.

आमच्या म्हणण्यावर जे आक्षेप येतात त्यांतील तीन मुख्य आहेत, त्यांचा क्रमाने विचार करू.

पहिला आक्षेप असा: ‘तुम्ही बायकांची बाजू घेता, पण त्या न सांगता चारचार दिवस येत नाहीत, खोटी कारणे सांगतात, उचल घेऊन काम सोडतात.’ यात तथ्य नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. परंतु खोट्याचे मूळ कोठे आहे ते पाहा. मुलाच्या शाळेत जायचे आहे, पाय दुखतो, रेशनकार्डासाठी दिवसभर रांगेत उभे राहावयाचे आहे, या कारणांनी जेथे रजा मिळत नाही व गावी कोणी वारले एवढ्याच कारणाने मिळते, तेथे गावची माणसे पुनःपुन्हा वारणारच. कचेरीतील कारकुनास वर्षाकाठी ठरलेल्या किरकोळ रजा असतात, म्हणून त्याला आपल्या आजीचा दोनदा अंत करावा लागत नाही. उचलीचेही तसेच. जिला बँक दारात उभी करीत नाही आणि सावकार व्याजाने मारतो, ती मालकिणीकडेच मागणार. आणि काम केव्हाही सुटू शकते हे ठाऊक असल्याने तीही ते केव्हाही सोडणार. नोटीस न देता काढून टाकण्याची सवलत आपण घेतो, नोटीस न देता निघून जाण्याची ती घेते. बेभरवशाच्या नोकरीतून भरवशाची नोकर मिळेल ही अपेक्षाच मुळी चुकीची आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. ‘हे सर्व श्रीमंतांस ठीक, मध्यमवर्गीयास परवडणार नाही.’ या आक्षेपाची आम्ही थट्टा करीत नाही. पेन्शनवर राहणारी वृद्ध जोडपी आहेत, नव्या संसाराचे हप्ते भरणारी तरुण घरे आहेत. म्हणून हिशेबच मांडू. समजा, एका घरी एका कामाचे महिना २,००० रुपये दिले जातात. आठवड्याची सुट्टी दिल्याने या रकमेत एक रुपयाही वाढत नाही. वाढते ते एका दिवसाचे काम, आणि ते चार माणसांत वाटले तर कोणाची पाठ मोडणार नाही. दिवाळीस एका महिन्याचा पगार अधिक दिला तर तो बारा महिन्यांवर वाटून दरमहा सुमारे १६७ रुपये पडतो. वर्षाला शेकडा पाच वाढ दिली तर पहिल्या वर्षी दरमहा १०० रुपये. आजारपणाची पगारी रजा दिल्याने नवे काहीच द्यावे लागत नाही, कापावयाचे तेवढे कापता येत नाही. सगळे मिळून तीनशे रुपयांच्या आत बसते. चौघांच्या कुटुंबास एका संध्याकाळी हॉटेलात जेवावयास जाण्यास याहून अधिक लागतात. ज्या घरास खरोखरच तेवढेही शक्य नाही त्याने काम कमी करून घ्यावे, दोन तासांचे एक तासावर आणावे. परंतु दोन तासांचे काम एका तासाच्या पैशांत घेणे यास काटकसर म्हणू नये.

येथे एक प्रामाणिक शंका उरते. दर वाढले, अटी आल्या, तर काही घरे बाई ठेवणे सोडून देतील आणि यंत्र आणतील. मग ज्यांच्यासाठी हे चालले त्यांचेच काम जाणार नाही काय? काही थोड्यांचे जाईलही. परंतु स्त्रीच्या रोजगाराचे समर्थन तो किती स्वस्त आहे यावर उभारणे म्हणजे तिच्या दारिद्र्याचीच पेठ मांडणे होय. गिरणीतील स्त्रियांना रविवार दिला म्हणून गिरण्या १८९० साली बंद पडल्या नाहीत. शिवाय आज शहरांत एका घरातील दोन्ही माणसे बाहेर, म्हातारी माणसे घरी एकटी, आणि मुले लहान अशी स्थिती घरोघर आहे. भांडी यंत्र घाशील. म्हाताऱ्यास हाताला धरून उठवणारे यंत्र अजून आपल्या घरी आलेले नाही. या स्त्रियांची गरज कमी होत नसून वाढत आहे, आणि गरज वाढत असताना अटी नीट करून घेणे हेच शहाणपणाचे.

तिसरा आक्षेप सर्वांत जुना. ‘घर म्हणजे कारखाना नव्हे. घरात कायदा आणला की जिव्हाळा जातो.’ घरात झालेल्या प्रत्येक सुधारणेच्या वेळी हा आक्षेप आलेला आहे. मुलीच्या संमतीचे वय दहाचे बारा करण्याचा कायदा १८९१ साली झाला तेव्हा आपल्या इकडे जे रण माजले त्यात हाच सूर मोठा होता. आज त्या वादातील विरोधकांची वचने वाचून आपण खजील होतो. आणि खरे पाहिले तर कायदा घरात केव्हाच आलेला आहे. कामाच्या ठिकाणी स्त्रियांचा लैंगिक छळ होऊ नये म्हणून २०१३ साली जो कायदा झाला, त्यात राहते घर हेही कामाचे ठिकाण म्हणून स्पष्ट घातले आहे. २०१० च्या मूळ विधेयकात घरकाम करणाऱ्या स्त्रिया वगळलेल्या होत्या. पुढे आग्रह झाला तेव्हा त्या आत आल्या. म्हणजे छळाच्या बाबतीत आपले घर कामाचे ठिकाण आहे हे संसदेने ठरविले आहे. तेच घर पगाराच्या व सुट्टीच्या बाबतीत कामाचे ठिकाण नव्हे, असे कोणत्या तोंडाने म्हणता येईल?

तथापि कायद्याची आजची स्थिती अपुरी आहे, हे सांगणे प्राप्त आहे. जिनीव्हा येथे आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १६ जून २०११ रोजी घरकामगारांविषयी १८९ क्रमांकाचा करार संमत केला. कामाच्या अटी कामगारास समजतील अशा रीतीने, शक्यतो लेखी, सांगाव्या, आठवड्यातून सलग २४ तास विश्रांती मिळावी, इत्यादी अगदी साध्या गोष्टी त्यात आहेत. त्या संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात अशा कामगारांची संख्या साडेसात कोटींच्या घरात असून चारांतील तिघी स्त्रिया आहेत. भारताने कराराच्या बाजूने मत दिले, परंतु तो स्वीकारून स्वतःवर बंधनकारक करून घेतलेला नाही. किमान वेतनाचा कायदा १९४८ साली झाला होता. त्याखाली घरकामाचे दर ठरविण्याचे काम कर्नाटक, केरळ, राजस्थान, तामिळनाडू इत्यादी राज्यांनी हाती घेतले. आपल्या राज्यात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा अधिनियम झाला. त्याखाली १८ ते ६० वर्षे वयाच्या कामगारांची नोंदणी होऊन काही साहाय्य मिळते. परंतु पगाराचा दर, कामाचे तास व साप्ताहिक सुट्टी यांविषयी तो मालकावर बंधन घालीत नाही. कल्याण सरकारने करावे, आणि मालकाने फक्त काम घ्यावे, अशी ही वाटणी आहे. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायद्याची चौकट करण्याचा विचार व्हावा म्हणून समिती नेमण्यास केंद्र सरकारला सांगितले. म्हणजे पाउणशे वर्षांच्या प्रजासत्ताकात गोष्ट समितीपर्यंत आली.

या स्त्रियांनी स्वतः मात्र कायद्याची वाट पाहिली नाही. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी आपण होऊन संप केला, आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. पगारवाढ व सुट्टी याच त्यांच्या मागण्या होत्या. सुशिक्षित पेठांतील व वसाहतींतील मोऱ्या तेव्हा उष्ट्या भांड्यांनी भरून गेल्या असतील. कामगार चळवळीचा इतिहास लिहिताना आपण गिरण्यांचे भोंगे आठवतो. या संपाचे स्मरण कमी असते, कारण त्यातील मालक आपणच होतो.

आणि आता एक नवीच तऱ्हा निघाली आहे. मोबाइलवर मागणी नोंदविताच पंधरा मिनिटांत बाई दारात हजर! काम झाले की तिला किती तारे द्यावयाचे ते मालकाने ठरवावे. वेळेचे भाडे ठरलेले, हिशेब चोख. हे पाहून कोणास वाटेल की कराराचा प्रश्न सुटला. परंतु तारे एकाच बाजूने दिले जातात. वाईट वागणाऱ्या घरास ती स्त्री काय देणार? इमारतीच्या फाटकावर तिचा फोटो, तिचा अंगठा, तिचे पोलिसी पडताळणीचे कागद असतात. मालकाची पडताळणी कोणी केली आहे काय? जुन्या पद्धतीत निदान ‘मावशी’ हा शब्द होता. नव्या पद्धतीत तोही गेला, आणि हक्क तर आलेच नाहीत.

म्हणून आमची सूचना अशी की, कायदा होईल तेव्हा होवो, प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाने पुढील गोष्टी आजच कराव्या. एक, कामाचे स्वरूप, वेळ व पगार एका साध्या कागदावर मराठीत लिहून दोघांनी जवळ ठेवावा. तिला वाचता येत नसेल तर तिच्या मुलीकडून वाचून घ्यावा. दोन, आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी, आणि तो दिवस तिने निवडावा. तीन, वर्षाकाठी ठरावीक दिवस पगारी रजा, आजारपणाची निराळी. चार, दरवर्षी न मागता वाढ व दिवाळीस एक पगार. पाच, काम बंद करावयाचे तर एक महिन्याची सूचना किंवा एक महिन्याचा पगार. सहा, कल्याण मंडळाच्या नोंदणीस मालकाचा दाखला लागतो, तो तिने मागण्यापूर्वी आपण होऊन द्यावा. २०२१ च्या एप्रिलात, कोविडच्या निर्बंधांत, राज्य सरकारने नोंदणी झालेल्या घरेलू कामगारांस १,५०० रुपये साहाय्य जाहीर केले. जिची नोंद नव्हती ती त्यापासून दूर राहिली, आणि त्यांपैकी कित्येकींची नोंद केवळ दाखला द्यावयास मालक कचरले म्हणून झालेली नव्हती. दाखला दिला की आपण मालक ठरतो, ही ती भीती. आपण मालक आहोतच. सातवी गोष्ट कागदावर लिहिण्याची नाही. कप, खुर्ची, संडास व लिफ्ट यांविषयी जे आहे ते घरातील कर्त्या माणसाने स्वतः एकदा डोळे उघडून पाहावे, आणि लाज वाटेल ते त्याच दिवशी बदलावे.

यात गृहनिर्माण संस्थांना करण्यासारखे पुष्कळ आहे. ८ मार्चला या संस्थांतून स्त्रियांचे सत्कार होतात, सबलीकरणावर व्याख्याने होतात. ज्या सभागृहात ती होतात त्याची फरशी आदल्या संध्याकाळी कोणी पुसली, आणि तिला तिच्या मजुरीचा कागद आहे काय, हा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारीत नाही. वाहनतळाच्या जागेवरून तीन तीन तास चालणाऱ्या वार्षिक सभेत अर्धा तास काढून वरील गोष्टी ठराव म्हणून मंजूर केल्या, तर एका इमारतीतील सर्व घरांच्या अटी एक होतील, आणि चांगले वागणाऱ्या घरास ‘तुम्ही दर बिघडवता’ असे शेजाऱ्याकडून ऐकावे लागणार नाही. हे वाक्य ज्यांनी ऐकले आहे त्यांना त्याचे वजन ठाऊक आहे.

जिव्हाळ्याविषयी शेवटी एवढेच. जिव्हाळा आम्हांस नको आहे असे नाही. वर्षानुवर्षे एकमेकींच्या घरची सुखदुःखे जाणणाऱ्या दोन स्त्रियांत जो स्नेह उत्पन्न होतो तो मोलाचा आहे, आणि तो तसाच राहावा. परंतु स्नेह पगाराच्या जागी वापरू नये. शिक्षकाचे विद्यार्थ्यावर प्रेम असते म्हणून त्याचा पगार कोणी बंद करीत नाही. परिचारिकेच्या सेवाभावाची स्तुती करून तिची सुट्टी कोणी काढून घेऊ लागला, तर ती संप करते आणि आपण तिच्या बाजूने लिहितो. हाच न्याय आपल्या मोरीपाशी बसलेल्या स्त्रीस लावावयाचा आहे. जिला आपला हक्क ठाऊक आहे व तो मिळतो, ती मावशी म्हटल्यावर जे हसेल ते हसू खरे असेल.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेस कॅलेंडराचे पान उलटावे लागेल. त्या वेळी खाड्यांच्या फुल्यांसाठी पेन्सिल हाती घेण्यापूर्वी त्या पानावर तिच्या सुट्टीचे चार दिवस घरातील पुरुषाने स्वतः आखून ठेवावे, आणि त्या दिवशी भांडी कोण घासणार त्याचे नावही शेजारी लिहावे. ते नाव दर खेपेस घरातील सुनेचेच नसावे, एवढी सूचना करून हा लेख पुरा करतो.